इंग्रजी यमकांची साक्ष: शब्द जुळले म्हणजे अर्थ जुळतात का?

आजच्या विषयाची पाटी वाचून काही जणांना हसू आले असेल. आयुष्यभर ज्याने कांट आणि शंकराचार्य शिकवले त्या माणसाने आता 'कॅट, मॅट, रॅट'वर बोलायचे, म्हणजे वय झाले म्हणायचे! पण आमची विनंती आहे की थोडा धीर धरा. या कॅट-मॅटच्या मागे एक जुना प्रश्न उभा आहे. प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादात तो आलेला आहे: शब्दाचा ध्वनी आणि शब्दाचा अर्थ यांचे काही आतले नाते असते, की सगळा केवळ संकेत असतो? यमक हे त्या प्रश्नाचे सगळ्यात रोजचे, सगळ्यात खोडकर रूप आहे.

सुरुवात शाळेपासून करू. आम्ही इंग्रजी कविता पाठ करायचो तेव्हा वारंवार एक अडचण यायची. एका ओळीच्या शेवटी 'लव्ह' आणि जोडीच्या ओळीच्या शेवटी 'प्रूव्ह'. किंवा 'मूव्ह'. आम्ही मुले विचारायचो, सर, हे जुळत कुठे आहे? सर सांगायचे, स्पेलिंग बघा, शेवटी तीच तीन अक्षरे आहेत ना, ओ-व्ही-ई? मग झालं तर. हे डोळ्यांचे यमक. उरलेल्या शंकेला दुसरे उत्तर तयार असे: कवीला स्वातंत्र्य असते.

आता गंमत अशी की आमच्या वह्यांत इंग्रजी शब्दांचे उच्चार देवनागरीत लिहिलेले असायचे. 'गुड', 'फूड', 'ब्लड'. रोमन लिपीत तिघांचा शेवट एकसारखा दिसतो, दोन ओ आणि एक डी. देवनागरीत लिहिले की तिघे तीन दिशांना जातात. आपली लिपी या बाबतीत जरा निर्दय आहे. (अगदी निर्दोष नाही, बरं का. आपण 'चार' आणि 'चारा' एकाच 'च'ने लिहितो आणि दोन वेगळ्या 'च'ने बोलतो.) पण देवनागरीने विचारलेला प्रश्न योग्यच होता. हे शब्द जुळत नसतील तर जुन्या कवींनी जुळवले का? ते काय बहिरे होते?

ते बहिरे नव्हते. त्यांच्या कानाला ते शब्द जुळतच होते. हे समजायला आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

सर्वांत जुन्या इंग्रजी काव्यात यमक जवळजवळ नाहीच. 'बेओवुल्फ' हे महाकाव्य 3182 ओळींचे आहे, हस्तलिखित साधारण इसवी सन 1000च्या आसपासचे, आणि त्याची सगळी बांधणी अनुप्रासावर आहे. म्हणजे शब्दांची सुरुवात जुळवायची, शेवट नाही. त्या भाषेचा आघात शब्दाच्या पुढच्या भागावर, धातूवर पडत असे; शेवटाला विभक्तीचे प्रत्यय लोंबत असत. जोर जिथे, तिथे कवी जुळणी करतो. अपवाद म्हणून एक्झेटरच्या प्रसिद्ध हस्तलिखितात यमकांनी खच्चून भरलेली एक कविता सापडते, पण ती अपवाद म्हणूनच ओळखली जाते.

यमक आले ते चर्चमधल्या लॅटिन स्तोत्रांतून आणि 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात रुळलेल्या फ्रेंचमधून. साधारण 1200च्या सुमारास घुबड आणि नाइटिंगेल यांच्या भांडणाची एक सुंदर कविता इंग्रजीत होते, ती पूर्णपणे यमकबद्ध द्विपदींत आहे. चौदाव्या शतकात चॉसर येतो आणि 'कँटरबरी टेल्स'चा बहुतेक भाग यमकांत लिहून दाखवतो. पण त्यालाही टोचत होते. एका फ्रेंच रचनेवर आधारलेल्या कवितेच्या शेवटी तो तक्रार करतो की इंग्रजीत यमकांचा दुष्काळ आहे. तक्रार खरी आहे. इटालियनमध्ये प्रेम, हृदय, दुःख आणि फूल या चारही शब्दांचा शेवट एकच: 'आमोरे', 'कुओरे', 'दोलोरे', 'फिओरे'. कवीला आणखी काय हवे? इंग्रजी कवीच्या 'लव्ह'ला मिळतात 'डव्ह', 'ग्लव्ह', 'अबव्ह' आणि 'शव्ह'. म्हणजे कबुतर, हातमोजा, वर आणि ढकलणे. इंग्रजी प्रेमकवितेत इतकी कबुतरे का उडतात आणि प्रेयसीचा हातमोजा इतका का मिरवतो, याचे एक कारण भावनेत नसून शब्दसाठ्यात आहे. आपल्याकडे 'प्रेम'ला 'नेम' आणि 'क्षेम' मिळतात, यावरून मराठी माणसाच्या प्रेमाविषयी काय ठरवायचे ते तुम्ही ठरवा.

असो. चॉसर 1400 साली वारला. त्यानंतरच्या तीनेकशे वर्षांत इंग्रजीच्या दीर्घ स्वरांनी आपापली जागा सोडली. पुढे 1909 साली ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषापंडिताने या घटनेला 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' असे नाव दिले. आपण त्याला स्वरांचे महास्थलांतर म्हणू. चॉसरच्या काळी 'टाइम'चा स्वर 'टीम'सारखा होता, 'हाउस'चा 'हूस'सारखा. स्वर तोंडात एकेक पायरी वर चढत गेले आणि जे आधीच सर्वांत वर होते ते फुटून 'आइ' आणि 'आउ' झाले. आणि याच दरम्यान, 1476 साली, कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. स्वर चालतच राहिले आणि स्पेलिंग मात्र हळूहळू जागच्या जागी गोठत गेले. त्या गोठलेल्या स्पेलिंगचा भुर्दंड जगभरची मुले आजही भरत आहेत.

मघाच्या 'गुड, फूड, ब्लड'कडे येऊ. चॉसरच्या काळी तिन्हींत एकच दीर्घ 'ओ' होता. मराठी कानाला ते साधारण 'गोड', 'फोड', 'ब्लोड' असे ऐकू आले असते. मग तिन्हींचा 'ओ' वर सरकून 'ऊ' झाला. 'ब्लड'मधला ऊ लवकर आखूड झाला आणि पुढे आखूड उकाराचा जो 'अ' होत गेला त्यात तोही ओढला गेला. 'गुड'मधला ऊ उशिरा आखूड झाला, म्हणून 'उ'वर थांबला. 'फूड'चा दीर्घच राहिला. एकाच घरातले तीन भाऊ वेगवेगळ्या वेळी बाहेर पडले आणि वेगवेगळ्या गावांना पोचले.

इथे क्षणभर थांबायला हवे, कारण आमच्या मते आजच्या विषयाचे मर्म इथे आहे. 'गुड' म्हणजे चांगले, आणि त्याचा उच्चार एके काळी 'गोड'! ऐकून बरे वाटते ना? हे दोन शब्द एकाच मुळाचे असणार असे वाटून जाते. तसे काही नाही. आपल्या 'गोड'चे नाते गुळाशी आहे. इंग्रजी 'गुड'चा त्या गुळाशी संबंध नाही. निव्वळ योगायोग. आता दुसरे उदाहरण घ्या. 'नेम' म्हणजे नाव. चॉसरच्या तोंडी त्याचा उच्चार जवळजवळ 'नाम' असा होता, शेवटी एक पुसट 'अ'. इथे मात्र योगायोग नाही. इंग्रजी 'नेम' आणि संस्कृत 'नामन्' हे खरोखर एका कुळातले, हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले शब्द आहेत. म्हणजे एक जुळणी नात्याची आणि एक अपघाताची. आणि कानाला? कानाला दोन्ही सारख्याच गोड लागतात. नाते आणि अपघात यांतला फरक कानाला कळत नाही. तो कळायला इतिहास लागतो.

यमक कानाच्या याच अडाणीपणावर जगते. इंग्रजीत 'वूम' म्हणजे गर्भाशय आणि 'टूम' म्हणजे कबर. किती कवींनी या जोडीवर जन्म-मृत्यूचे तत्त्वज्ञान रचले आहे! पहिला शब्द अस्सल जर्मानिक, पूर्वी त्याचा अर्थ नुसता 'पोट' असाही होता. दुसरा ग्रीकमधून लॅटिनमध्ये, तिथून फ्रेंचमध्ये आणि मग इंग्रजीत आलेला पाहुणा. दोघांची गाठ पडायचे काहीच कारण नव्हते. पण एकदा पडली आणि वाटू लागले की हे सत्य भाषेत आधीपासूनच लिहून ठेवलेले होते.

आता शेक्सपिअर. त्याच्या सॉनेटांचे पुस्तक 1609 साली छापले गेले, एकूण 154 सॉनेटे. डेव्हिड क्रिस्टल या भाषाशास्त्रज्ञांनी मोजून सांगितले आहे की त्यांपैकी 96 सॉनेटांत आजच्या उच्चाराने न जुळणारे यमक कुठे ना कुठे सापडते. विलायतेत लग्नाच्या वेळी हमखास वाचले जाणारे 116वे सॉनेट 'प्रूव्ह्ड' आणि 'लव्ह्ड' या जोडीवर संपते. सिद्ध होणे आणि प्रेम करणे. कवी जणू पैज लावतो: माझे म्हणणे खोटे ठरवून दाखवा, मग जगात कुणी कधी प्रेमच केले नाही असे समजा. ही गाठ कानात घट्ट बसली तरच पैज खणखणीत वाजते. आणि त्या काळी ती बसत होती. बेन जॉन्सन हा शेक्सपिअरचा मित्र आणि प्रतिस्पर्धी. त्याचे इंग्रजी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर 1640 साली छापले गेले. त्यात आखूड 'ओ'ची उदाहरणे देताना तो 'लव्ह' आणि 'प्रूव्ह' हे दोन शब्द एकत्र घालतो. म्हणजे आमचे सर चुकले होते. ते डोळ्यांचे यमक नव्हते आणि कवीचे स्वातंत्र्यही नव्हते. ते अगदी सरळ, कानाचे यमक होते. आपला कान चारशे वर्षे उशिरा पोचला.

2004 साली लंडनच्या ग्लोब नाट्यगृहाने क्रिस्टल यांच्या मदतीने 'रोमिओ अँड ज्युलिएट'चे काही प्रयोग जुन्या उच्चारात केले. अशा उच्चारात यमकेच परत येतात असे नाही, मेलेले विनोदही जिवंत होतात. तत्त्वज्ञानाच्या माणसाला एक विनोद फार आवडावा असा आहे. 'चौथा हेन्री'च्या पहिल्या भागात फॉल्स्टाफला कारण द्यायला सांगतात, तेव्हा तो म्हणतो, कारणे ब्लॅकबेरींइतकी मुबलक असली तरी मी जबरदस्तीने देणार नाही. कारणांची तुलना बोरांशी कशाला? कारण 'रीझन' म्हणजे कारण, बुद्धी, तर्क, आणि 'रेझिन' म्हणजे मनुका, यांचा उच्चार तेव्हा जवळजवळ एक होता. आम्ही इतकी वर्षे ज्या 'रीझन'ची मीमांसा शिकवली ती एलिझाबेथच्या लंडनमध्ये मनुकांची मीमांसा ऐकू आली असती!

अलेक्झांडर पोपने 1714 च्या आपल्या काव्यात 'टी' म्हणजे चहा आणि 'ओबे' म्हणजे आज्ञा पाळणे यांचे यमक केले. त्याच्या वेळी चहाला 'टे' म्हणत. पोर्तुगीजांनी चीनच्या एका बंदरातून 'चा' आणला, डचांनी दुसऱ्या बोलीतला 'टे' आणला. आपला चहा पहिल्या घराण्याचा, इंग्रजांचा दुसऱ्या. पोपचे दुसरे एक यमक 'जॉइन' आणि 'लाइन' असे आहे. तेव्हा सभ्य समाजात 'जाइन' म्हणत. पुढे तोच उच्चार गावंढळ ठरला.

यमकावर तत्त्वाची भांडणेही झाली. 1602 साली टॉमस कँपियनने पुस्तक लिहून सांगितले की यमक हा रानटी लोकांचा खुळखुळा आहे, ग्रीक-लॅटिनसारखी मात्रांची वृत्ते लिहा. गंमत म्हणजे स्वतः कँपियनची कीर्ती टिकली ती त्याच्या यमकबद्ध गीतांवर. पुढच्याच वर्षी सॅम्युअल डॅनिएलने यमकाची बाजू मांडली. त्याचा मुद्दा आम्हाला आजही पटतो: भाषेची वहिवाट ही नियमांच्या आधीची असते. मिल्टनने 1667 साली 'पॅरडाइज लॉस्ट' यमकाशिवाय छापले, वाचक बुचकळ्यात पडले, तेव्हा 1668 च्या प्रतींत खुलासा जोडला. त्यात यमकाला त्याने गुलामगिरी म्हटले आहे. राजेशाहीविरुद्ध हयात घालवलेल्या माणसाने हा शब्द सहज वापरलेला नाही.

मग बाजारात यमकांचे कोश आले. जॉन वॉकर हा मूळचा नट. रंगभूमी सोडून तो उच्चार शिकवू लागला आणि 1775 साली त्याने असा शब्दकोश काढला की ज्यात शब्द पहिल्या अक्षराने नव्हे, शेवटच्या अक्षराने लावलेले होते. अर्थासह. म्हणजे शेवट सारखा असलेल्या शब्दांची वस्ती एका जागी आणि प्रत्येकाच्या दारावर अर्थाची पाटी. बायरनने तर 1818 च्या 'बेपो'त उघड कबुली दिली की वॉकरच्या कोशात जे यमक पहिले सापडते ते मी उचलतो. वॉकरने यमकांच्या प्रती लावल्या: काही 'पूर्ण', काही 'चालण्याजोगी'. आता हा 'चालण्याजोगी' शब्द बघा. कुणाला चालण्याजोगी? जे जुन्या कवींच्या कानाला पूर्ण जुळत होते ते वॉकरच्या काळात नुसते चालवून घ्यायचे झाले होते. आणि कोण चालवून घेणार हे लंडनचे शिष्ट ठरवणार.

याचा फटका कुणाला बसतो ते कीट्सच्या बाबतीत दिसले. 1817 च्या पहिल्या संग्रहात त्याने 'हायर' म्हणजे अधिक उच्च आणि 'थलाया' ही ग्रीक काव्यदेवता यांचे यमक केले. लंडनच्या साध्या घरातल्या माणसाच्या तोंडात 'हायर'चा शेवटचा 'र' उरलेला नव्हता, त्यामुळे त्याच्या कानाला हे यमक बिनचूक होते. 1818 च्या ऑगस्टमध्ये एडिंबराच्या 'ब्लॅकवुड्स' मासिकात लॉकहार्टने टोपणनावाने त्याच्यावर झोड उठवली. त्यात कॉकनी यमकांची टिंगल होती आणि शेवटी सल्ला होता की औषधांच्या दुकानात परत जा, गोळ्या आणि मलमे वीक. कीट्स औषधे देण्याचा परवाना मिळवलेला तरुण होता. अडीच वर्षांनी तो रोममध्ये क्षयाने वारला, वय 25. टीकेने मारले ही दंतकथा आपण सोडून देऊ. पण पुढे झाले काय ते बघा: तो 'र' गाळणे हेच विसाव्या शतकात बीबीसीच्या निवेदकांचे, म्हणजे सर्वांत प्रतिष्ठित इंग्रजीचे लक्षण झाले. कीट्सचा 'अशुद्ध' उच्चार राजवाड्यात पोचला, आणि ज्याला तो पोचलेला बघता आला नाही त्याला आपण अमर कवी म्हणतो. उत्तरेकडच्या वर्ड्सवर्थने 'मॅटर' आणि 'वॉटर' जुळवले, कारण त्याच्या प्रांतात पाण्याला तसेच म्हणत. लीड्सच्या कामगारवस्तीतून आलेले कवी टोनी हॅरिसन यांनी ही गोष्ट आपल्या कवितेत मुद्दाम, जरा रागाने नोंदवून ठेवली. तो राग आम्हाला कळतो. आमच्या पिढीतल्या कितीतरी हुशार मुलांना 'उच्चार गावठी' म्हणून वर्गात गप्प बसवलेले आम्ही पाहिले आहे.

कॉकनीचा विषय निघाला आहे तर तिथल्या यमकी बोलीबद्दल न बोलता पुढे जाणे शक्य नाही. लंडनच्या ईस्ट एंडमधले फेरीवाले एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ही बोली वापरू लागले. 1859 साली हॉटनच्या कोशात तिची यादी छापली गेली. रीत अशी: 'स्टेअर्स' म्हणजे जिना म्हणायचा नाही, त्याला जुळणारे 'ॲपल्स अँड पेअर्स' म्हणायचे. 'हेड' म्हणजे डोके, त्याला 'लोफ ऑफ ब्रेड'. आणि मग खरी युक्ती: जुळणारा शब्दच गाळून टाकायचा. उरतो नुसता 'लोफ'. 'यूज युअर लोफ' म्हणजे डोके वापर. पावाचा डोक्याशी काय संबंध? यमक अर्थाला घेऊन आले आणि स्वतः निघून गेले. आमच्या विषयातल्या एका थोर माणसाचाही इथे उद्धार झालेला आहे. 'बॉटल'ला त्यांनी 'ॲरिस्टॉटल' म्हटले. म्हणजे ज्याने संज्ञा आणि व्याख्या यांचे शास्त्र घालून दिले त्याचे नाव बाटलीला, केवळ शेवट जुळतो म्हणून! पुढे ते आखडून 'ॲरिस' झाले आणि आणखी एका यमकाच्या वळणाने शरीराच्या ज्या भागाला चिकटले त्याचे नाव आम्ही या व्यासपीठावरून घेत नाही.

इथपर्यंत सगळी मौज आहे. पण यमकाला दात आहेत. सन 2000 मध्ये मॅकग्लोन आणि तोफिघबख्श या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना फारशी परिचित नसलेली सुभाषितवजा वाक्ये दिली आणि विचारले, हे माणसांच्या वागण्याचे कितपत खरे वर्णन आहे? शुद्धीत जे झाकते ते दारू उघड करते, अशा अर्थाचे एक वाक्य होते. काहींना ते 'कन्सील्स' आणि 'रिव्हील्स' असे यमक जुळवून दिले, काहींना दुसरा शब्द बदलून, 'अनमास्क्स' असा. अर्थ तोच. अशा वाक्यांची यमक असलेली रूपे लोकांना जास्त खरी वाटली. आणि आधीच बजावले, की वाक्याची शोभा आणि वाक्याचे म्हणणे वेगळे ठेवून बघा, तर हा परिणाम घटला. घटला, हे लक्षात घ्या; म्हणजे सांगितल्याशिवाय माणूस वेगळे करत नाही.

त्या निबंधात नसते तरी आपल्याला आठवले असते असे प्रकरण म्हणजे 1995 चा लॉस एंजेलिसमधला ओ. जे. सिम्पसन खटला. दोन खून, पुराव्यात रक्ताळलेला एक हातमोजा, आणि तो आरोपीच्या हातात भर न्यायालयात नीट बसला नाही. बचावाचे वकील जॉनी कॉक्रन यांनी समारोपाच्या भाषणात 'फिट' आणि 'अक्विट' या दोन शब्दांचे यमक ज्यूरीसमोर पुन्हा पुन्हा मांडले. बसत नसेल तर सोडा. निकाल केवळ यमकाने लागला असे आम्ही म्हणणार नाही, त्यात वंशाचा आणि पोलिसांवरच्या अविश्वासाचा मोठा इतिहास होता. पण नुसता तर्क म्हणून तपासा. हातमोजा आटलेला असू शकतो, आत दुसरा पातळ मोजा घातलेला असू शकतो (तो होताच), आणि इतर पुरावे उरतातच. 'फिट'पासून 'अक्विट'पर्यंत जायला तर्काच्या चारदोन पायऱ्या लागतात. यमकाने त्या एका उडीत पार केल्या, आणि ऐकणाऱ्याला उडी मारल्याचे कळलेही नाही.

शेवटी एका शब्दाचे सांगून थांबतो, खुद्द 'ऱ्हाइम' या शब्दाचे. जुन्या इंग्रजी-फ्रेंचमध्ये त्याचे स्पेलिंग साधे होते, आर-आय-एम-ई. सोळाव्या-सतराव्या शतकांत पंडितांना वाटले की हा शब्द ग्रीक 'ऱ्हिथ्मॉस'शी, म्हणजे लयीशी जुळतो; ऐकायला तर जुळतोच. म्हणून त्यांनी त्यात मुद्दाम एक 'एच' आणि एक 'वाय' घुसवला. त्या 'एच'चा उच्चार कुणी कधी केला नाही, आणि तो तिथे अजून आहे.

प्रश्न घेऊ या. मागे कुणीतरी हात वर केलेला दिसतो आहे.